सोजराक्कांच्या चुलीची पडवी

सुजाताचा फोन सकाळी सातला आला. "सर, अत्या गेल्या," एवढंच ती बोलली आणि मग पलीकडून नुसता माणसांचा गलका येत राहिला. मी बसवकल्याणच्या आमच्या घरात, तोंडाला दाढीचा साबण लावून आरशासमोर उभा. दुःख व्हायच्या आधी मला राग येतो, हा माझा जुनाच रोग आहे. आधी गुलबर्ग्याच्या डॉक्टरांचा राग आला, कारण 'आता बरं आहे, घरी न्या' असं त्यांनीच सांगितलं होतं. मग सुजाताचा आला, की तब्येत बिघडली तेव्हाच हिनं का नाही कळवलं. आणि सगळ्यात जास्त आला तो खुद्द सोजराक्कांचा. चारच दिवसांपूर्वी त्यांनी मला फोनवर दरडावलं होतं, "आयतवारी या. डबा आणलाव तर दारातूनच वापस धाडीन, बगा." आयतवार अजून दोन दिवस लांब होता. माणसाला जेवायला बोलावून असं कुणी निघून जातं का?... साबण वाळून कातडी ओढायला लागली तेव्हा भानावर आलो. बायकोला हाक मारली, आणि ती आली तेव्हा फोन नुसता तिच्या हातात दिला.

याला आता तीन आठवडे झाले. पुरवणीच्या वाचकाला आधी माणूस कोण ते सांगायला हवं. सोजराक्का म्हणजे मुडबीच्या आत असलेल्या एका खेड्यातल्या शेतकरी बाई. बौद्ध कुटुंब, थोडी कोरडवाहू जमीन, त्यात तूर आणि ज्वारी. नवरा फार लवकर वारला. एकुलता मुलगा हैदराबादला कामाला, घरात त्या आणि सून सुजाता. शाळा दुसरीपर्यंत. पण भाषा तीन. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि कुणाशी भांडायचं असलं की दखनी. मी तंत्रनिकेतनात मुलांना यंत्रं शिकवून निवृत्त झालेला मास्तर. आमची गाठ पडावी असं काही कारण नव्हतं, ती पाडली एका छोट्या अनुदानानं. परदेशातून असं अनुदान येतं, आपल्यासारख्या देशांतल्या गावांसाठी. रक्कम लहान. तळं दुरुस्त करा, कुरण राखा, बियाणं जपा, चुली सुधारा, पर्यावरणाचं कुठलंही काम चालतं, फक्त ते काम गावानंच ठरवलेलं आणि गावानंच चालवलेलं पाहिजे. ही अट मी वाचली, मान डोलावली, आणि मग आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून दोन संध्याकाळींत सगळा अर्ज एकट्यानं लिहून काढला. गावानं ठरवलेलं म्हणजे काय, तर मी ठरवलेलं! महिला मंडळाची एक बैठक घेतली, चाळीस जणींच्या सह्या आणि अंगठे घेतले, चहा पाजला. झाला लोकसहभाग.

कल्पना वाईट नव्हती, हे मी अजूनही म्हणेन. या पट्ट्यातल्या स्वयंपाकघरांत जाऊन बघा म्हणजे कळेल. खोलीला खिडकी नाही, छपराखालचा लाकडी वासा डांबर लावल्यासारखा काळा, आणि त्या धुरात दिवसातून दोन वेळा बाई बसलेली. आता गॅस आलाय, नाही असं नाही. पण तो चहाला आणि पाहुण्यांना. दोन वेळच्या दहा-पंधरा भाकऱ्या त्यावर करायच्या तर टाकी किती दिवस पुरणार? शेतात तुराट्यांचा ढीग फुकटचा पडलेला असतो, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आणि त्या सरल्या की बांधावरची बाभळ आहेच. माझ्या चुलीनं जळण निम्म्यावर येणार होतं, बाभळी वाचणार होत्या, धूर पाइपातून छपराबाहेर जाणार होता. नकाशा मी पुस्तकातून घेतलेला. तोंड लहान, आत लोखंडी जाळी, निखारा जाळीखाली पडणार, वर हवा खेळणार. कागदावर बघाल तर अशी देखणी चूल तुम्ही पाहिली नसेल.

आणि हे काम सोजराक्कांच्या दृष्टीनं किती गरजेचं होतं ते मला फार उशिरा समजलं. त्यांना खोकला होता. नुसता खोकला नव्हे, बोलता बोलता मध्येच दोन्ही हात गुडघ्यावर टेकून त्या थांबायच्या आणि श्वास परत मिळेपर्यंत समोरच्याकडं अशा बघायच्या, की जणू त्यालाच उशीर होतोय म्हणून त्या थांबल्यात. छाती गेली होती त्यांची. स्वतःचं त्यांना काही वाटायचं नाही. पण सुजाता लग्न होऊन आली तेव्हा धडधाकट पोरगी होती, माहेरी शेतातून डोक्यावर भारा घेऊन पळत यायची म्हणे. दोन-तीन वर्षांत तिलाही पहाटेचा ठसका लागला. आक्कांना एवढंच हवं होतं. आपल्यासारखं हिचं होऊ नये.

तर चाळीस घरांत चाळीस चुली झाल्या. मी दर पंधरवड्याला मोटारसायकलवरून जायचो. घरोघरी फिरायचो, वाकून पाइप बघायचो, वहीत टिपायचो. प्रत्येक घरात चहा व्हायचाच, आणि तो नव्या चुलीवरच व्हायचा. झटक्यात उकळायचा, धुराचा पत्ता नाही. मी खूश. दुपारी भूक लागली की शाळेच्या आवारात लिंबाखाली बसून घरून आणलेला डबा खायचो. मला पित्ताचा त्रास आहे, बाहेरचं जेवण सोसत नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं. आक्का पहिल्यांदा "जेवा की सर" म्हणाल्या, दुसऱ्यांदा म्हणाल्या, तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, समजूतदार बाई आहे.

मग दिल्लीहून अनुदानाच्या मॅडम काम बघायला येणार असं ठरलं. त्यांना पसंत पडलं तर उरलेला हप्ता मिळणार आणि शेजारच्या गावांनाही चुली मिळणार होत्या. आदल्या आठवड्यात मी सगळ्यांना बजावून आलो. आणि खरंच, त्या दिवशी गावात शिरलो तर काय सांगू, घराघरावरच्या पाइपांतून धुराच्या रेघा निघालेल्या! माझी छाती फुगली. मॅडम एका घरातून दुसऱ्या घरात जात होत्या, बायका हसून चूल दाखवत होत्या, मी बोट दाखवून जाळीचं शास्त्र समजावत होतो. अशी आठ-दहा घरं झाली आणि आम्ही सोजराक्कांच्या दारात आलो. त्यांची चूल थंड. नुसती थंड असती तरी चाललं असतं, पण मॅडमनी वाकून आत बघितलं तर आत कांदे भरून ठेवलेले.

मी घाईघाईनं इंग्रजीत काहीतरी बोलायला लागलो. आज यांचा स्वयंपाक लवकर उरकला असेल, वगैरे. आक्कांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझा चेहरा त्यांना वाचता येत होता. त्यांनी मला हातानं थांबवलं आणि सरळ मॅडमकडं बघून दखनीत बोलल्या, "चाय बनती मेडम, रोटी नै बनती. हौर हमारे घर में चाय से पेट नै भरता." मॅडमना पुसटसं कळलं असावं, त्यांनी विचारलं, रोटी का नाही बनत? तेव्हा आक्का त्यांना हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथं, भिंतीच्या आडोशाला, जुनी तीन दगडांची चूल होती, ताज्या राखेची. मग शेजारच्या कांताबाईच्या अंगणात नेलं, तिथंही तीच. चाळीसही घरांत तीच! दोन वर्षं सगळं गाव भाकऱ्या जुन्या चुलीवर करत होतं आणि माझ्या येण्याच्या दिवशी नव्या चुलीवर चहा ठेवत होतं. त्या दिवशी तर पाहुण्यांसाठी रिकाम्याच चुली पेटवल्या होत्या, वर काही न ठेवता. मी कांताबाईला विचारलं, "अहो, असं का केलंत?" ती बिचारी ओशाळून म्हणाली, "तुमी येवढं उनातान्हात येताव, तुमचा हिरमोड कामून करावा सर?"

ज्यांनी ज्वारीची भाकरी होताना बघितली असेल त्यांना भानगड एव्हाना कळली असेल. भाकरी तव्यावर दोन्हीकडून फिरवली म्हणजे झाली असं नाही. तवा उतरवायचा, चुलीच्या तोंडाशी निखारे ओढायचे आणि त्यांच्यासमोर भाकरी उभी करून शेकायची. तेव्हा ती फुगते, पोटातून शिजते. माझ्या चुलीचं तोंड लहान, निखारा जाळीखाली. भाकरी उभी करायला जागाच नव्हती. ज्या मुलखातला माणूस दोन्ही वेळ भाकरी खातो तिथं मी भाकरी न होणारी चूल बसवली होती, तीही एक नव्हे, चाळीस.

मॅडम गाडीकडं गेल्यावर मी शाळेजवळ आक्कांना गाठलं आणि ओरडलो. हो, ओरडलोच. "आक्का, नाक कापलंत माझं! दोन वर्षं मी येतोय, मला आधी सांगता आलं नसतं?" त्या गुडघ्यावर हात टेकून जरा वेळ थांबल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "कसं सांगावं सर? तुमी चा पिताव, चूल बगताव, वहीत लिवताव, आन जेवायला या झाडाखाली जाताव. जे माणूस माजी भाकर खात न्हाई, त्याला भाकर कच्ची ऱ्हायलीय म्हनून कसं सांगू?" मी म्हणालो, "मला पित्त आहे हे तुम्हाला माहीत आहे." "व्हय की. घरोघरी चा पिऊन वाडत न्हाई त्ये पित्त?" तरी अंगातली खुमखुमी जाईना. "मग आजच कशाला सांगितलंत, त्यांच्यासमोर?" तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. "आज पाटं सुजाता खोकलली. माज्यासारकीच खोकलली... मला झोपेत वाटलं, म्याच खोकलायलेव."

घरी येऊन मी जेवलो नाही. पित्ताची गोष्ट खोटी होती हे मला ठाऊक होतं, आणि आक्कांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांच्या घरचा चहा चालतो, जेवण मात्र टाळावं, हे मला कुणी तोंडानं शिकवलेलं नाही. घरात मोठ्यांनी तसं पाळलेलं बघत मोठा झालो आणि ते अंगात मुरलं. मी शाळा-कॉलेजांच्या कार्यक्रमांत समतेवर भाषणं केलेली आहेत, टाळ्याही घेतल्यात. आणि दोन वर्षं एका बाईच्या दारात जाऊन तिच्या चुलीला हात लावत होतो, तिच्या हातचं मात्र खात नव्हतो. लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते. पण लिहायला हवं, कारण ती चूल माझ्या शास्त्रामुळं फसली नव्हती. मी एक घास खाल्ला असता तर पहिल्याच महिन्यात सगळं उघड झालं असतं.

पुढच्या रविवारी मी डबा न घेता गेलो. दारात उभा राहून म्हणालो, "आक्का, जेवायला आलोय." वाटलं होतं, बाई विरघळेल. कुठलं काय! त्यांनी वर-खाली बघितलं, "हात धुवा," म्हणाल्या, आणि माझ्यापुढं दोन ताटल्या ठेवल्या. दोन्हीत एकेक भाकरी, शेजारी तुरीच्या दाण्यांची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. "ही तुमच्या चुलीवरली, ही अंगनातल्या चुलीवरली. आदी तुमची खावा. पुरी खायची, टाकायची न्हाई." मी खाल्ली. मध्ये पिठूळ, दाताला चिकटणारी. सुजाता दाराआड तोंड दाबून हसत होती. मग दुसरी खाल्ली, आणि त्यावर तिसरी, आणि चौथी. पित्त झालं नाही, हे सांगायला नकोच.

मी मॅडमना सगळं खरं कळवलं. काम फसलं, चूक माझी, उरलेला हप्ता देऊ नका. माझी अपेक्षा होती खरमरीत पत्राची. मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "ही अनुदानं आम्ही मुद्दाम छोटी ठेवतो, म्हणजे चूक झाली तर ती कबूल करता येते. ज्या बाईनं कांदे दाखवले तिला हवी तशी चूल करू दे. प्रमुख ती, तुम्ही मदतनीस." मी सरकारी योजना जन्मभर पाहिल्यात. तिथं फसलेलं काम कुणी फसलं म्हणत नाही, त्याच्यावर रंग देऊन पुढचं काम काढतात. चुकायला आणि पुन्हा नव्यानं करायला जागा ठेवणारा पैसा मी आयुष्यात त्याच वेळी बघितला. त्या न पाहिलेल्या परदेशी माणसांचेही माझ्यावर उपकार आहेत, ते इथं मानून टाकतो.

तर नव्या कागदांवर प्रकल्पप्रमुख म्हणून सोजराक्कांचं नाव लिहायचं होतं. त्यांच्या ओसरीत बसून मी फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना होता, प्रमुखाची पात्रता आणि अनुभव. मी पेन हातात धरून घुटमळलो. दुसरी पास कसं लिहावं? आक्कांनी विचारलं, "काय इचारायलाय त्यो कागद?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग लिवा की. धा वर्साची होते तवापासून चुलीपुडं बसलेय." मी तसंच्या तसं लिहिलं. मंजूर झालं.

पुढचे चार महिने माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त शिकवून गेले. आक्कांनी आधी माती बदलली. शेतातली काळी माती भेगाळते म्हणून माळावरची तांबडी आणली, त्यात राख आणि तुरीचं भुसकट तुडवलं. मी पट्टी घेऊन बसायचो आणि त्या वितीनं मोजायच्या. "तोंड एक वीत आन चार बोटं." मी म्हणायचो, "कुणाची वीत, आक्का?" "माजीच की. भाकर बी माजीच हाय." तोंड मोठं केलं तर धूर उलटून खोलीत यायला लागला. लहान केलं तर भाकरी उभी राहीना. चूल बांधायची, वाळवायची, पेटवायची, डोळे चोळत बाहेर यायचं आणि फोडायची. किती फोडल्या, मोजलं नाही. एक दिवस आक्का फोडलेल्या चुलीशेजारी बसून घराकडं बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "घराला पडवी असती, तशी चुलीला कामून नसावी?" चुलीच्या तोंडापुढं त्यांनी मातीचा हातभर ओटा काढला, कडेला बोटभर काठ, म्हणजे निखारे ओढून त्यावर आणता येतील आणि भाकरी काठाला टेकून उभी राहील. धूर अजून येतच होता. तेव्हा सुजाता म्हणाली, "अत्या, पडवीला वर पत्रा बी असतो की." झालं! ओट्यावर मातीचा झुकता छज्जा आला, धूर त्या छज्ज्याखाली अडून परत आत ओढला जायला लागला. मी पाइप वीतभर उंच केला. माझंही थोडं शास्त्र कामाला आलं, एवढं नमूद करायची परवानगी असावी.

पहिली भाकरी सुजातानं टाकली. तवा उतरवला, निखारे पडवीत ओढले, भाकरी उभी केली. भाकरी आधी एका कडेनं उठली, मग टम्म फुगली. आक्कांनी वर बघितलं, छपराकडं, मग दाराकडं, मग सुजाताच्या तोंडाकडं, आणि बराच वेळ तिच्याकडंच बघत राहिल्या. दोन दिवसांनी कांताबाई आपल्या घरून मळलेल्या पिठाची परात घेऊन आली, स्वतः भाकरी करून बघितली आणि गेली. चार दिवसांत तिनं माझी ती देखणी चूल फोडली होती. मग बाकीच्या घरांत फोडाफोड सुरू झाली. एका दुपारी मी न कळवता, अवचित गेलो, आणि घरोघरी चुली चालू होत्या. मला दाखवायला नव्हे, जेवायला. अंगणातले तीन दगड कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला लावले, कुणी धुणं आपटायला.

पुढं आसपासच्या गावांतून बोलावणी यायला लागली. मंठाळकडची गावं, आळंदच्या बाजूची गावं. आक्का एसटीनं जायच्या, सोबत सुजाता. कडगंचीच्या विद्यापीठातली मुलं वह्या घेऊन चूल अभ्यासायला आली, तर त्यांना आधी ओळीनं जेवायला बसवलं. कुणीही येऊ दे, कलेक्टर असो की मास्तर, "आदी जेवा, मंग चूल बगा" हा त्यांचा नियमच होऊन बसला. तो माझ्यामुळं पडला, हे त्या कुणाला सांगायच्या नाहीत. एका गावात मात्र एका मोठ्या घरातल्या लोकांनी त्यांना अंगणातच खुर्ची दिली. तुम्ही इथून सांगा, आमच्या बायका आत करतील, म्हणाले. आक्का खुर्चीवर बसल्याच नाहीत. "चूल अंगनातून घालता येत न्हाई," म्हणाल्या आणि एसटी थांब्याकडं चालायला लागल्या. मी त्यांच्या मागं. उन्हातून चालताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. मी त्या घराला काहीबाही बोलत होतो. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सर. त्येंच्या बी पोटात दुकंल, मंग येतील." आठ-दहा दिवसांनी त्या घरची थोरली बाई स्वतः आली. आक्कांना आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. चूल झाल्यावर तिथं पंगत बसली, आक्का मध्ये. मी त्या पंगतीत जेवलोय.

गेल्या वर्षापासून आक्कांचं फिरणं थांबलं. चूल सुधारली, पण छाती काही नवी होणार नव्हती. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरानं छातीचा फोटो उजेडाला धरून विचारलं, "आजी, बिडी किती वर्षं ओढता?" आक्का म्हणाल्या, "बिडी न्हाई ओ. भाकऱ्या केल्या." डॉक्टरला वाटलं, म्हातारीला ऐकू येत नाही. त्यानं मोठ्यानं परत विचारलं. मी तिथंच होतो. मी त्याला समजावून सांगायला गेलो आणि माझा आवाज इतका चढला की नर्स आली. पण आक्कांनी सुजातालाही तपासायला लावलं, हट्टानं. डॉक्टर म्हणाला, हिची छाती स्वच्छ आहे. "परत सांगा," आक्का म्हणाल्या. त्यानं परत सांगितलं. आक्कांनी मग त्याला आपल्या गावी जेवायला बोलावलं, पत्त्यासकट. घरी परतताना गाडीत त्या एवढ्या खुशीत होत्या, की कुणाला वाटावं, दवाखान्यातून बऱ्या होऊन आल्यात.

मी आयुष्यात पुष्कळ जणांना शिकवलं, पण मला माणसात आणलं ते या बाईनं, दोन भाकऱ्या पुढं ठेवून. हे त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही. एकदा प्रयत्न केला होता, तर म्हणाल्या, "वाडू का आनिक?"

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी अंगण भरलं होतं. लांबलांबच्या गावांतून बायका आल्या होत्या. गर्दीत सुजाताशी बोलणं झालं नाही. म्हणून मागच्या रविवारी एकटाच गेलो. ओसरीत कुणी नव्हतं. ती आत चुलीपुढं बसली होती. मला बघून उठली नाही, नुसती सरकली आणि भिंतीशी माझ्यासाठी पाट टाकला. मी बसलो. तिनं तवा उतरवला, निखारे ओढले, भाकरी उभी केली. मी इकडचं तिकडचं विचारत होतो, ती मान न वळवता हूं हूं करत होती. मग तिनं डाव्या मनगटानं डोळे पुसले. मी विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काय न्हाई सर. धुरानं."

असंच सांगतात. माझी आईही असंच सांगायची, आणि मी कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. मी चुलीकडं बघितलं. जाळ निवांत होता. मागची भिंत चुन्यानं पांढरी, आणि वरच्या वाशापर्यंत खोली अशी स्वच्छ, की दाराबाहेरचं झाडाचं पान न् पान दिसावं. सुजातानंही बघितलं, वर, माझ्या मागोमाग. आणि तिचं तिलाच कळलं.

"कुटला धूर, सर..." ती म्हणाली, आणि पदर तोंडाला न लावता रडायला लागली. मीही रडलो. मध्ये एकदा भाकरी करपेल म्हणून तिनं हात लांब करून ती फिरवली.